नात्याची कसोटी : समकालीन अमेरिकन कवितेतील न्याय, निसर्ग आणि कुटुंब

१

समकालीन अमेरिकन कवितेविषयी लिहिताना सामाजिक न्याय, पर्यावरण आणि कुटुंब हे तीन विषय वेगवेगळे मांडण्याची पद्धत रूढ झाली आहे. परीक्षणे, अभ्यासक्रम, विषयवार संकलने या सर्व ठिकाणी ही विभागणी आढळते. अध्यापनाची सोय म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामागे एक गृहीतक दडलेले असते. न्याय आणि पर्यावरण हे सार्वजनिक विषय, कुटुंब हा खाजगी विषय. सार्वजनिक विषयाची कविता वक्तृत्वाकडे झुकणार, खाजगी विषयाची कविता भावकवितेकडे, असे ते गृहीतक आहे. गेल्या काही दशकांतील महत्त्वाची अमेरिकन कविता बारकाईने वाचू लागले की ते टिकत नाही. या कवितेत आई, बाप, भाऊ, मुलगी यांच्याविषयीचे लेखन आणि राज्यसंस्थेविषयीचे, भूमीविषयीचे लेखन एकमेकांपासून सुटे करता येत नाही. ते सुटे केले तर कवितेचा घाटच मोडतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. या कवितेत कुटुंब हा तिसरा विषय म्हणून येत नाही. कायदा, स्मारक, इतिहासग्रंथ, शासकीय ठराव यांची भाषा ज्या मापाने तपासायची, ते माप म्हणून ते येते. घरातल्या नात्यात जे शब्द काही एक बंधन निर्माण करतात, तेच शब्द सार्वजनिक व्यवहारात बंधन निर्माण करतात की टाळतात, हा या कवितेपुढचा प्रश्न आहे. अर्थात, ही कसोटी चालण्यासाठी नात्याचा अर्थ रक्तसंबंध किंवा मालकी एवढाच घेऊन भागत नाही. तो उत्तरदायित्व असा घ्यावा लागतो. जेथे कवी हा अर्थ सोडतो, तेथे कविता दुबळी होते. ल्यूसिल क्लिफ्टन, नताशा ट्रेथवे, लेली लाँग सोल्जर आणि नॅटली डिआझ या चार कवयित्रींच्या लेखनाच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहावयाचे आहे. शेवटी कमील डंजी आणि मार्टिन एस्पाडा यांच्या निमित्ताने त्याच्या मर्यादाही पाहू.

या कवितेमागची परंपरा ध्यानात घेतली म्हणजे तिचे वेगळेपण स्पष्ट होते. रॉबर्ट लोवेल यांचा 'लाइफ स्टडीज' हा संग्रह १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे परीक्षण करताना एम. एल. रोझेन्थाल यांनी कबुलीजबाब ही कल्पना वापरली आणि पुढे 'कबुलीची कविता' हे नाव रूढ झाले. या कवितेने कुटुंबाला अमेरिकन कवितेच्या मध्यभागी आणले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिच्यात इतिहासाची गती सामान्यतः आतल्या दिशेने असते. घराण्याची प्रतिष्ठा, बापाचे अपयश, पतिपत्नींमधील ताण या सर्वांचे पर्यवसान काव्यगत 'मी'च्या मनोविश्वात होते. आपण ज्या कवितेचा विचार करणार आहोत तिच्यात गती उलट आहे. येथे घरातील प्रसंग हा आरंभबिंदू असून तेथून कविता कायद्याकडे, नदीकडे, थडग्यांकडे जाते.

मराठी वाचकाला या कवितेचा परिचय एका विशिष्ट वाटेने झाला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतलेले होते. त्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे आपल्याकडील वाचन प्रामुख्याने विद्रोह आणि नकार या संकल्पनांच्या अंगाने झाले. ते वाचन त्या काळाची गरज होती आणि त्यातून काही महत्त्वाची तुलनात्मक समीक्षाही निर्माण झाली. मात्र त्या वाचनात घोषणेचा उंच स्वर जितका ऐकला गेला, तितका त्याच परंपरेतील हळू, घरगुती स्वर ऐकला गेला नाही. क्लिफ्टन यांची कविता हे त्या दुसऱ्या स्वराचे उत्तम उदाहरण आहे.

२

ल्यूसिल क्लिफ्टन (१९३६–२०१०) यांचा पहिला संग्रह १९६९ साली निघाला. सहा मुलांचा संसार सांभाळत त्यांनी लिहिलेली कविता आकाराने लहान, मोठ्या अक्षरांचा जवळजवळ पूर्ण त्याग करणारी आणि बोलभाषेच्या लयीत चालणारी आहे. १९७६ साली त्यांनी 'जनरेशन्स' हे गद्य कुलवृत्त लिहिले. आफ्रिकेतील दाहोमीहून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वज स्त्रीपासून स्वतःच्या आईबापांपर्यंतची ही हकिगत आहे. तिच्यातील प्रकरणांच्या आरंभी वॉल्ट व्हिटमनच्या ओळी दिलेल्या आहेत, हे लक्षणीय आहे. व्हिटमनचा 'मी' सर्वांना सामावून घेतो. पण ज्यांच्या घराण्याची नावेच मालमत्तेच्या यादीत गेली, त्यांना आधी सामावले जाण्याजोगे 'आपण' उभे करावे लागते. 'जनरेशन्स' हे काम करते.

या दृष्टीने १९८९ साली दक्षिण कॅरोलायनातील वॉलनट ग्रोव्ह मळ्याच्या दफनभूमीवर लिहिलेली त्यांची कविता पाहण्यासारखी आहे. जुना मळा पर्यटकांना दाखविला जात आहे. मार्गदर्शक घराची, अवजारांची माहिती देतो. गुलामांचा उल्लेख कोठेच येत नाही. मालमत्तेच्या नोंदीत दहा गुलाम आहेत, परंतु त्यात फक्त पुरुष धरलेले आहेत. स्त्रिया नोंदीलाही पारख्या. कवयित्री या मृतांकडे त्यांची नावे मागते, त्यांच्या श्रमाचा मान राखण्याचे वचन देते. शेवटी थडग्यावरील रूढ इंग्रजी वाक्यातील 'येथे' या शब्दाचे 'ऐका'मध्ये रूपांतर होते आणि 'पहुडणे' या क्रियापदामागे 'खोटे बोलणे' हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दिसू लागतो. स्मारकलेखाची भाषा अशा रीतीने आपल्याच अनेकार्थतेने उघडी पडते.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. वॉलनट ग्रोव्हचे मृत हे क्लिफ्टन यांचे पूर्वज म्हणून कवितेत येत नाहीत. 'जनरेशन्स'मधील कुलपरंपरा दाहोमीहून व्हर्जिनियाकडे जाते, दक्षिण कॅरोलायनाकडे नव्हे. म्हणजे येथले नाते वारशाने आलेले नाही. ते पत्करलेले आहे. मालमत्तेची यादी माणसांना ज्या रीतीने मोजते, त्या रीतीला उत्तर म्हणून कवयित्री घरातल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारते. या एका कृतीत न्यायाची मागणी आणि नात्याचा स्वीकार एकत्र येतात.

निसर्गाच्या बाबतीतही क्लिफ्टन यांनी अशीच अडचण उभी केली आहे. २००४ सालच्या 'मर्सी' या संग्रहातील एका छोट्या कवितेत त्या गवत, आकाश, पाणी यांच्यावर निखळ स्तुतिपर लिहिण्याचा संकल्प करतात. झाडांच्या फांद्या दिसू लागतात आणि संकल्प अडखळतो. प्रत्येक निसर्गकवितेच्या खाली आणखी एक कविता का असते, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात झाडांना लटकवून मारलेल्या माणसांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला त्या खालच्या कवितेचा विषय सांगावा लागत नाही. कमील डंजी यांनी २००९ साली 'ब्लॅक नेचर' हे चार शतकांतील आफ्रिकन-अमेरिकन निसर्गकवितेचे संकलन सिद्ध केले, तेव्हा हीच अडचण साहित्येतिहासाच्या पातळीवर मांडली गेली. कृष्णवर्णीय कवींनी निसर्गावर लिहिलेच नाही, हा समज निसर्गकवितेच्या व्याख्येतून निर्माण झालेला होता. जेथे भूमी ही विरंगुळ्याची जागा नसून सक्तीच्या श्रमाची जागा असते, तेथली निसर्गकविता त्या व्याख्येत बसत नव्हती.

३

नताशा ट्रेथवे यांच्या बाबतीत कायदा थेट जन्माशी निगडित आहे. त्यांचा जन्म १९६६ साली मिसिसिपी राज्यातील गल्फपोर्ट येथे झाला. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे; आणि त्या राज्यात असा विवाह तेव्हा गुन्हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहावरील हे निर्बंध १९६७ साली रद्द केले. १९८५ साली त्यांच्या आईचा माजी सावत्र वडिलांकडून खून झाला. २००६ सालच्या 'नेटिव्ह गार्ड' या संग्रहात (त्याला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले) या वैयक्तिक इतिहासाशेजारी यादवी युद्धातील एक जवळजवळ विस्मृत प्रकरण ठेवलेले आहे. मिसिसिपीच्या किनाऱ्यालगतच्या शिप आयलंड या बेटावर कैदेत असलेल्या दक्षिणेच्या सैनिकांवर पहारा करणाऱ्या संघराज्याच्या पलटणीत मुक्त झालेले कृष्णवर्णीय सैनिक होते. तीच ही 'नेटिव्ह गार्ड'.

आईचे थडगे आणि सैनिकांची थडगी यांतील समांतरता उघड आहे, आणि समीक्षकांनी ती बहुधा नोंदविली आहे. पण निव्वळ समांतरतेवर संग्रह उभा राहिला असता तर तो कौशल्याचा भाग ठरला असता. तिला नैतिक धार कशी येते हे पाहायला हवे. संग्रहातील एका शोककवितेत बेटावरील किल्ल्याला भेट दिल्याचा प्रसंग आहे. तेथे दक्षिणेच्या मृत सैनिकांच्या नावांचा फलक आहे. तो 'डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या संघटनेने लावलेला आहे. पहारा करणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावे कोठेही नाहीत. १९६९ सालच्या 'कमील' या चक्रीवादळाने बेट दुभंगले आणि त्यांची थडगीही पाण्याखाली गेली.

संघटनेच्या नावातील 'कन्या' हा शब्द येथे कळीचा आहे. स्मृतीवर हक्क सांगण्यासाठी दोन प्रकारच्या कन्या समोरासमोर उभ्या आहेत. पहिल्या वारसाहक्काने बोलतात. त्यांचे नाते दगडावर कोरून घेण्याइतके बळ त्यांच्यापाशी आहे. दुसरी, म्हणजे कवयित्री, हिला स्वतःच्या आईच्या थडग्याचीही निगा राखता आलेली नाही. 'मॉन्युमेंट' या कवितेत मुंग्या मातीचा एकेक कण वाहून आणून वारूळ रचत असतात आणि त्या चिकाटीत कवयित्रीला आपल्या हेळसांडीचा ठपका दिसतो. म्हणजे नात्याची कसोटी केवळ राज्यसंस्थेला लावलेली नाही. ती स्वतःलाही लावलेली आहे. मग सार्वजनिक विस्मृतीविषयीचा आरोप हा आरोप करणारीच्या अंगावरही येतो. त्यामुळेच या कवितेतील स्वर फिर्यादीचा होत नाही.

संग्रहाच्या घाटातही हा विचार उतरलेला आहे. शीर्षक-कविता ही दहा सुनीतांची माला असून एका सुनीताची अखेरची ओळ बदललेल्या रूपात पुढच्याची पहिली ओळ होते. निवेदक सैनिक दक्षिणेकडील एका ओसाड घरातून मिळालेल्या वहीत, आधीच्या मालकाच्या मजकुरावरच आडवे लिहीत जातो. अक्षरशत्रू कैद्यांची पत्रेही त्यालाच लिहावी लागतात. एकाच कागदावर दोन लेखन असा हा इतिहास आहे.

मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे आईबापांच्या विवाहाची कविता गझलेच्या घाटात आहे. काटेकोर नियमांची गझल इंग्रजीत रुजविण्याचा आग्रह आगा शाहिद अली यांनी धरला होता. ट्रेथवे यांच्या या गझलेत राज्याचे नाव हाच रदीफ आहे. आईबाप विवाहासाठी दुसऱ्या राज्यात जातात, परत येतात. शेर कोठेही जावो, त्याला शेवटी मिसिसिपीशी येऊन थांबावे लागते. माधव ज्यूलियनांपासून सुरेश भटांपर्यंत रदीफाचे सौंदर्य आपण प्रामुख्याने नादाच्या आणि अपेक्षापूर्तीच्या अंगाने जाणत आलो आहोत. येथे रदीफ कायद्याच्या हद्दीचे काम करतो. पुनरावृत्ती ही सुटका नसल्याची खूण होते. अखेरच्या शेरात परंपरेप्रमाणे कवयित्रीचे नाव येते. ज्या राज्याच्या कायद्याने हे अपत्य अवैध मानले, त्याच राज्याच्या नावाशेजारी अपत्याचे नाव घाटाच्या नियमानेच येऊन बसते. घाट आणि आशय यांचे अद्वैत म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी याहून नेमके उदाहरण सहज सापडणार नाही.

४

लेली लाँग सोल्जर या ओग्लाला लकोटा समाजाच्या कवयित्री. त्यांचा 'व्हेअरॅज' हा संग्रह २०१७ साली प्रसिद्ध झाला. मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागणारा एक ठराव अमेरिकन काँग्रेसने संमत केला आणि १९ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची त्यावर स्वाक्षरी झाली. संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात तो समाविष्ट होता. स्वाक्षरीच्या वेळी ती क्षमा स्वीकारण्यासाठी मूळ रहिवाशांच्या जमातींचा कोणीही प्रतिनिधी बोलावलेला नव्हता. ठरावाच्या शेवटी एक अस्वीकृतीचे कलमही होते : या ठरावाच्या आधारे संघराज्याविरुद्ध कोणताही दावा करता येणार नाही, असा त्याचा आशय. संग्रहाचा उत्तरार्ध या ठरावाचाच आराखडा घेतो. प्रथम कारणांची विधाने, नंतर संकल्प, शेवटी अस्वीकृती.

शीर्षकातील इंग्रजी शब्दाला आपल्या शासकीय मराठीत नेमका प्रतिशब्द आहे : 'ज्याअर्थी'. अधिसूचनांमध्ये 'ज्याअर्थी' आला की पुढे 'त्याअर्थी' येणे व्याकरणानेच बंधनकारक असते. मराठी वाचकाच्या कानाला ही अपेक्षा चांगली परिचित आहे, आणि म्हणून या संग्रहाचा घाट त्याला लवकर उमगावा. लाँग सोल्जर 'ज्याअर्थी'ची मालिका रचत जातात. प्रत्येक विधानात घर, शरीर, भाषा, जमीन यांतील एखादे सत्य मांडतात. 'त्याअर्थी' मात्र येत नाही. शासकीय ठरावात तो शब्दापुरता आला, पण अस्वीकृतीच्या कलमाने त्यातील बंधन काढून घेतले. कवितेत तो रोखून धरलेला आहे. कारण तो उच्चारण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याने ती अद्याप घेतलेली नाही.

या मालिकेच्या गाभ्याशी एक घरगुती प्रसंग आहे. न्याहारीच्या मेजावर बसलेले वडील, मुलीच्या बालपणी आपण तिच्याजवळ नव्हतो याबद्दल, रडवेले होऊन क्षमा मागतात. प्रसंग अगदी साध्या गद्यात सांगितलेला आहे. त्यात समारंभ नाही, साक्षीदार नाहीत, 'याचा आधार घेऊन काही मागता येणार नाही' अशी पुस्तीही नाही. कवयित्री दोन्ही क्षमायाचनांची तुलना करून निष्कर्ष काढत नाही. ती त्या एकाच संहितेत ठेवते. एवढ्यानेच ठरावाची भाषा मोजली जाते. दुसऱ्या एका विधानात, अनेक मूळ भाषांमध्ये 'क्षमा मागणे' या अर्थाचा शब्दच नाही, परंतु चूक मान्य करून ती दुरुस्त करण्याच्या कृती आहेत, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या संस्कृतीजवळ शब्द नाही तिच्याजवळ कृती आहे आणि ज्या राज्यसंस्थेजवळ शब्द आहे तिने कृतीला आधीच मज्जाव केला आहे.

आणखी एका ठिकाणी कवयित्रीची लहान मुलगी पडते. गुडघे खरचटले असताना ती हसून ते लपवू पाहते आणि आई तिला सांगते की आपल्या घरात रडण्याची मुभा आहे. वरवर पाहता हा मातृवात्सल्याचा प्रसंग. प्रत्यक्षात तो भाषेच्या वापराचा धडा आहे. जखम असताना हसू दाखविण्याची सवय कोठून येते, हा प्रश्न मुलीच्या गुडघ्यावरून संपूर्ण समाजापर्यंत जातो. तरीही कवितेत मुलीचे प्रतीक होत नाही. ती मुलगीच राहते.

'३८' या दीर्घ कवितेत हीच शिस्त इतिहासाला लावलेली आहे. २६ डिसेंबर १८६२ रोजी मिनेसोटातील मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मंजुरीने, एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्यामागे भूक होती : जमीन गेली, कराराचे पैसे थकले, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. भुकेल्यांनी गवत खावे असे म्हणणारा एक व्यापारी उठावात मारला गेला तेव्हा त्याच्या तोंडात गवत कोंबलेले आढळले. कवयित्री या कृतीलाच कविता म्हणते. कविता एकेका पूर्ण वाक्याने, जवळजवळ शालेय गद्याच्या रीतीने पुढे सरकते. अलंकरणाचा हा नकार म्हणजे करारांच्या भाषेला दिलेले उत्तर आहे. ज्या वाक्यांनी जमीन गेली, त्या वाक्यांहून अधिक काळजीने वाक्य लिहिण्याचा हा आग्रह आहे. गवत येथे निसर्गप्रतिमा म्हणून येत नाही. अन्न, जमीन, अपमान आणि प्रत्युत्तर या सर्वांचा तो एकच पदार्थ आहे.

५

नॅटली डिआझ यांच्या 'पोस्टकलोनियल लव्ह पोएम' (२०२०; पुलित्झर २०२१) या संग्रहात नदीविषयीची एक दीर्घ गद्यकविता आहे. कोलोरॅडो नदीच्या काठच्या मोहावी समाजाच्या स्वतःसाठीच्या नावातच नदी शरीराच्या मधून वाहते हा अर्थ आहे. कवयित्री पुनःपुन्हा बजावते की हे रूपक नाही. हा आग्रह काव्यशास्त्राच्या दृष्टीने अतिशय विचारणीय आहे. आपल्या परंपरेत लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही आहे. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' या प्रसिद्ध उदाहरणात प्रवाहावर वस्ती शक्य नाही म्हणून आपण काठ हा अर्थ घेतो. डिआझ यांचे म्हणणे असे की मोहावी भाषेत मुख्यार्थाला बाधच येत नाही. बाध येतो तो इंग्रजी वाचकाच्या जगात, जेथे नदी ही शरीराबाहेरची वस्तू, साठा आणि वाटपाचे परिमाण आहे. तो बाध भाषेचा नियम नसून एका संस्कृतीचा निर्णय आहे. अभिधा मान्य करा, ही येथे राजकीय मागणी होते.

वाटपाचा इतिहास पाहिला की या मागणीचे वजन कळते. १९२२ च्या करारान्वये सात राज्यांनी कोलोरॅडोचे पाणी वाटून घेतले. वाटाघाटीत मूळ रहिवाशांच्या जमातींना स्थान नव्हते. नदी आज सहसा समुद्रापर्यंत पोचत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की १८६८ च्या कराराप्रमाणे नाव्हाहो समाजाला पाणी मिळवून देण्यासाठी सक्रिय पावले उचलण्याचे बंधन संघराज्यावर नाही. शब्दाने बंधन निर्माण होते की नाही, हा लाँग सोल्जर यांचा प्रश्न येथे पाण्याच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

या कवितेत न्यूझीलंडमधील व्हांगानुई नदीबरोबर गंगा आणि यमुना यांना मिळालेल्या कायदेशीर व्यक्तित्वाचा उल्लेख येतो आणि तो अमेरिकेच्या तुलनेत आशेची खूण म्हणून येतो. भारतीय वाचकाने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने हा निर्णय मार्च २०१७ मध्ये दिला आणि काही सरकारी अधिकाऱ्यांना या नद्यांचे पालक नेमले. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुरात हानी झाली तर नदीच्या वतीने भरपाई कोणी द्यायची, ही त्यांची एक अडचण होती. जुलै २०१७ मध्ये त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. जिला आपण शतकानुशतके माता म्हणत आलो, तिचे पालकत्व पत्करण्याची वेळ आली तेव्हा उत्तरदायित्वाचा प्रश्न अडथळा म्हणून पुढे आला. या उदाहरणाने डिआझ यांची मांडणी खोटी ठरत नाही. उलट तिची अट स्पष्ट होते. नात्याचा शब्द उच्चारल्याने नाते सिद्ध होत नाही. कवितेच्या त्या परिच्छेदात ही अट पुरेशी जाणवत नाही, आणि तेवढ्यापुरती कविता माहितीच्या यादीकडे झुकते असे म्हणावे लागते.

त्या अटीची जाण डिआझ यांच्या भावाविषयीच्या कवितांत मात्र पूर्णपणे आहे. २०१२ सालच्या 'व्हेन माय ब्रदर वॉज ॲन ॲझ्टेक' या पहिल्या संग्रहात व्यसनाने पोखरलेला भाऊ, त्याच्यापुढे हतबल झालेले आईबाप आणि पुराणकथांच्या मापाने वाढत गेलेला घरातील विध्वंस आहे. येथे कुटुंब हा आसरा नाही. नंतरच्या संग्रहातील एका कवितेत भाऊ पिशवीतून लाकडाचा एक तुकडा आणतो आणि तो नोहाच्या नौकेचा अवशेष असल्याचे बहिणीला सांगतो. खोली प्राण्यांनी भरू लागते. बहीण त्याला खोडून काढत नाही, त्याच्या कल्पनेत सामीलही होत नाही. ती त्याच्याजवळ बसून राहते. नदी आणि भाऊ या दोन्ही ठिकाणी प्रेम म्हणजे दुरुस्त करता न येणाऱ्याच्या जवळ राहण्याचे बंधन, असा अर्थ सिद्ध होतो. नदीची कविता भावाच्या कवितांशेजारी ठेवून वाचली तरच तिच्यातील नाते भाबडे वाटत नाही.

६

या प्रतिपादनावर घेता येण्याजोग्या आक्षेपांचा आता विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की कुटुंबाच्या वाटेने गेलेली कविता राजकीय प्रश्नाचे भावनिकीकरण करते. व्यवस्थेचा दोष घरातल्या दुःखात विरघळतो. हा धोका खरा आहे. डंजी यांच्या 'ट्रॉफिक कॅस्केड' (२०१७) या संग्रहातील शीर्षक-कविता या दृष्टीने उद्बोधक आहे. यलोस्टोनमधून १९२० च्या दशकात नाहीसे केलेले लांडगे १९९५ साली पुन्हा आणले गेले. त्यामुळे हरणांचे चरणे बदलले, झुडपे वाढली, पक्षी आले, अशी साखळी कविता रचत जाते आणि शेवटी तिची सांगड मातृत्वाने झालेल्या स्वतःच्या परिवर्तनाशी घालते. या साखळीचे परिणाम नेमके किती, याबद्दल परिसंस्थाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण काव्यदृष्ट्या अडचण वेगळी आहे. येथे निसर्ग मातृत्वाचे उपमान होतो आणि उपमान होताच त्याचे स्वतःचे म्हणणे संपते. डिआझ जी सीमा कसोशीने राखतात ती येथे ओलांडली जाते. त्याच डंजींनी 'सॉइल' (२०२३) या गद्यग्रंथात, निसर्गलेखनाच्या मान्य परंपरेतून मुले आणि घरकाम का वगळली जातात, असा प्रश्न विचारला आहे, आणि तो अधिक फलदायी आहे. अरण्यातील एकाकी निरीक्षक हा निसर्गलेखनाचा आदर्श असेल, तर ज्यांना मुलाला एकटे टाकून अरण्यात जाता येत नाही त्यांचे निसर्गभान नोंदलेच जात नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे. नाते हीच कसोटी मानली तर बोलण्याचा अधिकार रक्तसंबंधापुरता उरणार काय? मार्टिन एस्पाडा यांची 'फ्लोटर्स' ही कविता येथे विचारात घ्यावी लागते. जून २०१९ मध्ये रिओ ग्रांदे नदी ओलांडताना एल साल्वादोरचा एक तरुण बाप आणि त्याची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी बुडाली. त्यांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. ते बनावट असल्याची शंका सीमा-रक्षकांच्या समाजमाध्यमावरील एका गटात व्यक्त झाली. कवितेचे शीर्षक हा बुडालेल्यांसाठी काही रक्षक वापरीत असलेला शब्द आहे. एस्पाडा हे पोर्तोरिकन वंशाचे, सामाजिक कार्यकर्ते असलेल्या छायाचित्रकाराचे पुत्र; मृतांशी त्यांचे नाते नाही. हेटाळणीच्या शब्दासमोर ते माणसांची नावे ठेवतात आणि क्लिफ्टन यांनी दफनभूमीवर केले तेच काम येथे करतात. मात्र क्लिफ्टन मृतांकडे नाव मागतात, एस्पाडा यांच्यापाशी नाव आणि छायाचित्र आधीच आहे. त्यामुळे त्यांच्या कवितेत उत्तरदायित्वाचा भार बव्हंशी रक्षकांवर पडतो. बोलणाऱ्यावर तो फारसा येत नाही. तिचा संताप न्याय्य आहे. ट्रेथवे यांच्या मुंग्यांसारखा स्वतःकडे वळणारा क्षण तिला हवा होता. यावरून निष्कर्ष असा की अधिकार रक्ताने मिळत नाही, आणि सहानुभूतीनेही आपोआप मिळत नाही. बोलणारा स्वतः किती बांधला जातो यावर तो अवलंबून असतो.

तिसरा आक्षेप संस्थात्मक आहे. यांतील बहुतेक कवींना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली आहेत. अनेक जण विद्यापीठांत अध्यापन करतात. ज्या व्यवस्थेची ही कविता झाडाझडती घेते, तीच व्यवस्था तिचा गौरव करून तिला निरुपद्रवी करते असे म्हणता येईल. याला कवितेच्या बाहेरून उत्तर देता येणार नाही. पण 'व्हेअरॅज'ची रचना पाहता या गौरवाचे स्वरूपही तिने आधीच ओळखलेले दिसते : कबुली द्यावी आणि बंधन टाळावे, ही तर तिने तपासलेली मूळ युक्ती आहे. पारितोषिक ही अशी कबुली ठरते की नाही, हे कवीपेक्षा वाचणाऱ्या समाजावर अवलंबून राहील.

७

मराठी समीक्षेत बांधिलकीची चर्चा दीर्घकाळ झाली. ती बहुतेक वेळा कवी आणि समाज, किंवा कवी आणि विचारसरणी या दोन टोकांमध्ये झाली. 'बांधिलकी' या शब्दातील 'बांधणे' या क्रियेकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. येथे पाहिलेल्या कविता या क्रियेचा नेमका तपशील देतात. कोणता शब्द कोणाला बांधतो, कोणता शब्द बांधल्यासारखे करून सोडवतो, आणि सोडवणुकीची किंमत कोण देतो, हे त्या घरातल्या व्यवहारावरून ओळखतात आणि मग फलक, ठराव, करार, नकाशे यांच्याकडे वळतात. त्यांच्यातील आई, मुलगी, भाऊ यांना विषय म्हणून वेगळे काढले, तर उरलेली कविता सद्हेतूचे निवेदन होईल. न्याय आणि भूमी यांना वेगळे काढले, तर कौटुंबिक आठवणी उरतील. म्हणून अभ्यासक्रमातील तीन रकाने सोयीसाठी ठेवले, तरी वाचताना ते मोडावे लागतील. ग्रामीण, दलित, आदिवासी आणि स्त्रीवादी अशा रकान्यांत विभागलेल्या आपल्या कवितेच्या वाचनालाही हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.